दोन रायफली, एक बंदी : वसाहतकालीन भारतातील शिकारी शस्त्रांची निवड

शिकारीचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर हत्ती, हाकारे, मचाण आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र येते. त्या छायाचित्रातील बंदुकीकडे सहसा कोणी पाहत नाही. या टिपणात आपण नेमके तिच्याकडे पाहणार आहोत. १९०० ते १९३० या काळात हिंदुस्थानात शिकार करणारा माणूस दोन रायफली निवडत असे, एक जड आणि एक हलकी. ही निवड तो कशी करी, आणि त्याच्या आवडीनिवडीत सरकारचा हात किती होता, हा आपला प्रश्न आहे. शस्त्राच्या नळीवर कोरलेला आकडा हा इतिहासाचा दस्तऐवज असतो. तो वाचता आला, तर त्यातून कायदा, व्यापार, हवामान आणि सत्ता या चारही गोष्टी दिसतात.

आकड्यांची भाषा

आधी आकडे समजून घेऊ. जुन्या बंदुकांचे माप 'बोअर'मध्ये सांगत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. ८ बोअरची गोळी एक अष्टमांश पौंडाची, सुमारे ५७ ग्रॅम. ४ बोअरची त्याच्या दुप्पट, ११३ ग्रॅम. एकोणिसाव्या शतकात हत्ती आणि गवा यांच्यासाठी असली अवजड हत्यारे वापरात होती. काळी दारू जळायची, धुराचा पडदा उभा राहायचा, आणि जनावर पडले की अंगावर येत आहे हे धूर विरेपर्यंत कळायचे नाही. खांद्याला बसणारा धक्का तर वेगळाच.

पुढे नळीच्या आत सर्पिल खाचा असलेल्या रायफली रूढ झाल्या आणि माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगण्याची पद्धत आली. .४५० म्हणजे नळीचा व्यास ०.४५० इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. .२७५ म्हणजे जवळपास ७ मिलिमीटर. याच काळात 'एक्स्प्रेस' रायफल हा शब्द रुळला. तो लंडनच्या पर्डी या कारागिरांनी १८५० च्या दशकात वेगवान आगगाडीवरून उचलला होता : गोळी हलकी, दारू जास्त, त्यामुळे वेग अधिक.

खरी क्रांती झाली ती बिनधुराच्या दारूने. ब्रिटिश सैन्यासाठी १८८९ मध्ये कॉर्डाइट आले, आणि १८९८ मध्ये जॉन रिग्बी या कारखान्याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम) गोळी, वेग सेकंदाला २,१५० फूट. एका मजुराने वाहून आणायच्या ८ बोअरच्या धुडाचे काम आता दहा-अकरा पौंडांची दुनळी रायफल करू लागली, आणि तेही धुराशिवाय. हिंदुस्थानात येणाऱ्या अधिकाऱ्याला, संस्थानिकाला किंवा चहामळेवाल्याला जड रायफल घ्यायची तर .४५० हे उघड उत्तर होते. फक्त काही वर्षेच.

एका आकड्यावर बंदी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खाजगी रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी घातली. साधारणपणे यासाठी १९०७ हे साल दिले जाते. अशीच बंदी सुदानमध्येही होती. वाघाचा किंवा हत्तीचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. संबंध होता मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीशी.

१८७१ पासून ब्रिटिश सैन्यात वापरलेली मार्टिनी-हेन्री ही .४५० मापाची होती. सैन्याने ती हळूहळू बाजूला सारून .३०३ स्वीकारली, पण जुन्या मार्टिनी संपल्या नव्हत्या. वायव्य सरहद्दीवर पठाण टोळ्यांच्या हातात त्या मोठ्या संख्येने होत्या. काही चोरून, काही मस्कत आणि मकरानच्या किनाऱ्यावरून चालणाऱ्या व्यापारातून, तर काही दर्रा आदमखेलच्या लोहारांनी हुबेहूब घडवलेल्या. १८९७ च्या तिराह मोहिमेत या रायफलींचा अनुभव सरकारने घेतला होता. १९०९ नंतर तर आखातात आरमाराचे पहारे बसवून हा व्यापार तोडण्याचा प्रयत्न झाला. रायफल असली तरी तिला गोळी लागते, आणि सरकारला भीती होती ती याची : एखाद्या साहेबाच्या किंवा राजाच्या शिकारी काडतुसांतील .४५० ची गोळी काढून ती मार्टिनीच्या काडतुसात बसवली तर?

.३०३ चा प्रश्न याहून सरळ होता. ते तर चालू लष्करी काडतूस. ते खाजगी माणसाच्या हातात असणे सरकारला मान्य नव्हते. म्हणजे जड रायफलीतील सर्वांत लोकप्रिय माप आणि हलक्या रायफलीतील सर्वांत सहज मिळणारे माप, अशी दोन्ही मापे शिकाऱ्याच्या यादीतून सरकारनेच खोडली.

आता लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी काय केले ते पाहा, कारण इथेच हा प्रसंग मजेदार होतो. हिंदुस्थान ही त्यांची फार मोठी बाजारपेठ होती. त्यांनी कायद्याशी भांडण केले नाही, आकडा बदलला. हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ आणली : ४८० ग्रेनची गोळी, वेग २,१५० फूट. जोसेफ लँगच्या नावाशी जोडलेली .४७० आली : ५०० ग्रेन, वेग तोच. जेफरीने .४७५ नंबर २ काढली. वर दिलेल्या .४५० च्या आकड्यांशी ही माहिती ताडून बघितली की लक्षात येते, मारा जवळजवळ सारखाच आहे. गव्याला .४५० आणि .४७० यांतला फरक सांगता आला नसता. कस्टमच्या कारकुनाला मात्र सांगता येत होता.

या बंदीचा परिणाम बंदी घालणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा बराच लांबवर गेला. .४५० मागे पडली आणि .४७० हीच जगभर जड दुनळी रायफलीचे प्रमाण माप होऊन बसली. आजही आफ्रिकेत नवी दुनळी रायफल घेणारा बहुधा .४७० मागतो. सरहद्दीवरच्या पठाणांच्या भीतीतून हे माप रुजले, याची त्याला कल्पना नसते.

बंदी सगळ्या साम्राज्यात नव्हती, हेही ध्यानात घ्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्या जड रायफलीचे माप .५००/४५० होते, हॉलंडनेच बनवलेली. ती इंग्लंडमधील चाहत्यांनी त्यांना भेट दिली होती. तीच पेटी मुंबई बंदरात उतरवली असती तर प्रश्न विचारले गेले असते.

उन्हाळा आणि अडकलेली काडतुसे

कायद्याइतकाच दुसरा अडसर हवामानाचा. वाघाची शिकार मुख्यतः उन्हाळ्यात होई, कारण पानगळ झालेली असते, पाणवठे आटलेले असतात आणि जनावर उरलेल्या पाण्याभोवती सापडते. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशात आणि आपल्या चांदा-मेळघाट भागात, एप्रिल-मे हे महिने त्यासाठी ठरलेले. फॉर्सिथ यांचे १८७१ चे आणि डनबार ब्रँडर यांचे १९२३ चे पुस्तक याच मुलखाबद्दल आहे.

पण कॉर्डाइट ही उष्णतेला संवेदनशील दारू. थंड इंग्लंडमध्ये नीट चालणारे काडतूस उन्हात तापलेल्या नळीत जास्त दाब निर्माण करी. पितळी टरफल फुगून आत घट्ट बसे आणि दुनळी रायफल उघडली तरी ते बाहेर येत नसे. जखमी वाघ तीस पावलांवर असताना ही अडचण म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून कारखाने गरम देशांसाठी मुद्दाम दारू कमी केलेली काडतुसे विकू लागले. जेफरीने तर काडतुसाची रचनाच बदलली. काळ्या दारूच्या काळातले .४५०/४०० चे लांब टरफल सव्वातीन इंचांचे होते. ते तीन इंचांवर आणले आणि त्याची कड जाड केली, म्हणजे ओढून काढताना पकड सुटू नये.

.४५०/४०० हे नाव नवख्याला गोंधळात टाकते. टरफल मूळ .४५० चे, पण त्याचे तोंड आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलेली. नळी .४०० ची असल्यामुळे बंदी तिला लागू नव्हती. ४०० ग्रेनची गोळी, वेग सुमारे २,१०० फूट, आणि दुनळी असूनही वजन नऊ-दहा पौंडांच्या घरात. हत्तीसाठी हे थोडे कमी, पण वाघ, अस्वल, गवा यांच्यासाठी पुरून उरणारे. माझ्या मते हिंदुस्थानी जंगलासाठी त्या काळी निघालेले हे सर्वांत समंजस माप होते. पुढे एका प्रसिद्ध माणसाने तेच निवडले, हा केवळ योगायोग नाही.

तीन काडतुसे

तो माणूस जिम कॉर्बेट. त्याची गोष्ट सुरू होते ती मात्र निवड चुकलेल्या प्रसंगाने.

१९०७ मध्ये कुमाऊंतील चंपावत येथे कॉर्बेट नरभक्षक वाघिणीच्या मागावर होता. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिने ४३६ माणसे मारली होती, असे तो लिहितो. तहसीलदाराने गावोगावची माणसे गोळा करून हाका करवला. कॉर्बेटने बरोबर फक्त तीन काडतुसे घेतली होती. दोन वापरायला आणि एक अडचणीला, असा त्याचा हिशेब. तिन्ही उडाली आणि वाघीण अजून जिवंत होती. तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची जुनी बंदूक घेतली आणि परत आला. त्या बंदुकीची नळी आणि मागचा भाग यांत फट पडलेली होती. तोंडावर धरलेला नेम वाघिणीच्या पंजाला लागला. सुदैवाने आधीच्या जखमांनीच तिचा शेवट झाला.

पण या प्रसंगातील खरी नोंद पुढची आहे. वाघिणीचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले होते. खालचा तर हाडापर्यंत. कॉर्बेटच्या मते ही बंदुकीच्या जुन्या जखमेची खूण होती आणि त्यामुळेच ती नैसर्गिक भक्ष्य सोडून माणसांकडे वळली. ती गोळी कोणी झाडली, कोणत्या बंदुकीने, हे तो सांगत नाही. कॅलिबरची चर्चा क्लबातल्या खुर्च्यांवर बसून होत असली, तरी अर्धवट लागलेल्या गोळीची किंमत कोण मोजते ते इथे दिसते. ती मोजली गवत कापायला, लाकडे आणायला जाणाऱ्या बायकांनी. रायफल निवडणारा माणूस बहुतेक वेळा त्या गावात राहत नव्हता.

जोडी

या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. रिग्बीने बनवलेली, .२७५, मॉझर पद्धतीच्या बोल्टची. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख. .२७५ हे नाव रिग्बीचे. मूळ काडतूस जर्मन, १८९० च्या दशकात लष्करासाठी काढलेले ७ गुणिले ५७ मिलिमीटरचे मॉझर. ब्रिटिश ग्राहकाला मिलिमीटर आवडत नसत, म्हणून इंचात नाव. ब्रिटिश सैन्याचे काडतूस नसल्यामुळे हिंदुस्थानात त्याला अडथळाही नव्हता. सुमारे साडेतीन किलोची ही रायफल दिवसभर डोंगर चढून-उतरून खांद्यावर बाळगता येई.

तिच्या जोडीला कॉर्बेटची जेफरीची दुनळी .४५०/४००. एक हलकी, नेमकी, लांब पल्ल्याची. दुसरी जड, जवळच्या अंतरावर थांबवणारी, आणि बोल्टचा आवाज न करता लगेच दुसरी गोळी देणारी. उर्जेच्या हिशेबात .४५०/४०० चा आघात .२७५ च्या जवळपास दुप्पट. तरी जड म्हणजे चांगली, इतके सोपे गणित नव्हते.

११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या वाघिणीशी कॉर्बेटची गाठ पडली, ती कोरड्या ओढ्यातील एका मोठ्या खडकाच्या वळणावर. त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, उजव्या हातात हलकी .२७५. वळून पाहिले तर वाघीण आठ फुटांवर, थेट त्याच्याकडे बघत. त्याने एका हाताने रायफल अतिशय सावकाश फिरवत नेली आणि चाप ओढला. आपण वाचलो त्याची कारणे तो स्वतः देतो आणि त्यांत अंडी व हलकी रायफल ही दोन्ही येतात. दोन्ही हात मोकळे असते तर तो झटकन वळला असता आणि वाघिणीने झेप घेतली असती. रायफल जड असती तर एका हाताने ती इतकी फिरवताच आली नसती. कॅटलॉगमधल्या वेगाच्या आणि ग्रेनच्या आकड्यांतून असा क्षण सापडत नाही.

जड रायफल निवडता येणे हे बऱ्याच अंशी ती वाहणारा माणूस मिळण्यावर अवलंबून होते. हत्तीच्या हौद्यात किंवा मचाणावर बसणाऱ्या संस्थानिकाला अकरा पौंडांचे काय वाटणार? ती आणायला, पुसायला, भरून हातात द्यायला माणसे होती. एकट्याने पायी जंगल तुडवणाऱ्याला प्रत्येक पौंड मोजावा लागे. दक्षिणेत बंगळूरच्या केनेथ अँडरसनने वेगळाच मार्ग काढला. त्याची आवडती रायफल म्हणजे .४०५ विंचेस्टर, अमेरिकन बनावटीची, दांडी खालीवर करून काडतूस भरायची. लंडनच्या हाताने घडवलेल्या दुनळीच्या मानाने ती स्वस्त, आणि ३०० ग्रेनची गोळी वाघ-बिबट्याला पुरेशी. नोकरी करून सुट्टीत शिकार करणाऱ्या माणसाची ही निवड होती.

गोळीच्या टोकाचाही प्रश्न असे. मऊ टोकाची गोळी आत फुगते आणि मोठी जखम करते. पूर्ण आवरणाची गोळी न फुगता खोल जाते, म्हणून जाड कातडीच्या जनावरासाठी ती. मऊ टोकाच्या लष्करी गोळीला जगभर 'डमडम' म्हणतात ते कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यामुळे. १८९९ च्या हेग परिषदेत ती युद्धात निषिद्ध ठरली. शिकारीत मात्र वाघासाठी तीच नेहमीची.

निवड करण्याचा हक्क

आतापर्यंत आपण ज्यांना निवड करता येत होती त्यांच्याबद्दल बोललो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले. युरोपीय लोक आणि काही निवडक वर्गांना सूट होती. हा भेद काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच गाऱ्हाणे म्हणून मांडला गेला. मुंबई किंवा कलकत्त्याच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये साहेब काडतुसांचे डबे मागवत होता, तेव्हा जंगलाकाठच्या शेतकऱ्याला डुकरे आणि रोही हाकायला फार तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळे. त्याच्यापुढे कॅलिबरचा प्रश्नच नव्हता. वाघ जखमी होण्याचा दोष मात्र इंग्रजी शिकारकथांत बऱ्याचदा याच ठासणीच्या बंदुकीवर येतो. ते विधान वाचताना लिहिणारा कोण आहे, हे विद्यार्थ्यांनी तपासून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची भाषा बदलली, तर्क तसाच राहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीही लष्करी काडतूस चालेल असे माप सामान्य परवानाधारकाला निषिद्धच. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल याच चौकटीतून आलेली. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. तिचे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर रायफलीचे, भारतीय सैन्याने कधी न स्वीकारलेले. उत्तर भारतात परवान्याच्या रायफलीला लोक आजही 'तीनसौ पंद्रह' म्हणतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार संपली, आणि पुढच्या वर्षी कॉर्बेटच्या नावाच्या राष्ट्रीय उद्यानातून व्याघ्र प्रकल्पाला सुरुवात झाली. पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटही होते. कॉर्बेट १९४७ मध्येच केनियाला निघून गेला होता. त्याची .२७५ रिग्बी नंतर बरीच वर्षे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस या त्याच्या प्रकाशकांकडे होती. २०१५ मध्ये ती बनवणाऱ्या कारखान्यानेच परत विकत घेतली आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी भारतात आणून दाखवली. दस्त्यावरची चांदीची पट्टी अजून जागेवर आहे.